कवडूचं औषध आणि तानाबाईचं पाणी

वर्धा-नागपूर लाइनीवरचं तुळजापूरचं लहानसं स्टेशन मागं पडलं तेव्हा ऊन नेमकं डोक्यावर आलं होतं. कवडूजवळ छत्री होती. ती त्यानं स्वतःच्या डोक्यावर धरली नव्हती आणि माझ्याही नाही. त्याच्या काखेत धोतराच्या फडक्यात गुंडाळलेली एक फ्रेम होती, तिच्यावर त्यानं सावली धरली होती.

"काऊन रे कवडू," मी म्हटलं, "फ्रेमले ऊन लागते, अन् मानसाले नाई लागत का?"

"मानसाचा रंग पक्का हाय, बाई," तो म्हणाला. "शिक्क्याची शाई उडते."

फ्रेममध्ये त्याचं सर्टिफिकेट होतं. कवडू रामाजी ताकसांडे हा नोंदणी झालेला फार्मासिस्ट आहे, असं त्यावर इंग्रजीत छापलेलं होतं. वर्ध्याला त्याला काच लावून घेऊन तो सिंदीला परत चालला होता. मी वर्ध्याजवळच्या बोरगावला बहिणीकडं गेले होते. दोघं एकाच पॅसेंजरनं निघालो. गाडी सेलू रोडला थांबली ती थांबलीच. कोणी काही सांगेना, तेव्हा लोक एकेक करून उतरले आणि रुळाच्या कडेनं चालू लागले. आम्हीही उतरलो. एकोणसाठ साल, होळी होऊन गेलेली, दोन्ही अंगाला कपाशीच्या वाळलेल्या पऱ्हाट्या, आणि सिंदी अजून पुढंच.

दुसऱ्या दिवशी मोतीलाल सेठच्या नव्या औषधाच्या दुकानात ती फ्रेम टांगायची होती. फ्रेम टांगायला कोणाचीच हरकत नव्हती. फ्रेमखाली कवडूनं बसायचं की नाही, एवढंच ठरायचं राहिलं होतं, आणि ते उद्या ठरणार होतं.

कवडूला मी ओळखत होते ते सिंदीच्या प्रभाकरराव डॉक्टरांच्या दवाखान्यापासून. वर्ध्याला सुईणपणाचं शिक्षण घेऊन मी तिथं लागले तेव्हा तो बाटल्या धूत होता. त्याच्या आधीची भावंडं जगली नव्हती, म्हणून आईनं त्याला जन्मल्याबरोबर शेजारणीच्या ओटीत घातलं आणि एक कवडी देऊन परत विकत घेतलं. आमच्याकडं अशा पोराचं नाव कवडू ठेवतात. यमाला वाटावं, हा माल अगदीच स्वस्तातला आहे, कशाला उचलायचा. यम फसला. गाव मात्र फसलं नाही, त्यानं कवडूला त्याच भावात धरलं.

त्या वेळी कंपाउंडर होण्याची शाळा म्हणजे दवाखान्याची मागची खोली. तिथं आधी बाटल्या धुवायच्या. मग बुचं बसवायची. मग खलात कुटायचं, पुड्या बांधायच्या, आणि या सगळ्यात डॉक्टरांचं अक्षर लागायला लागलं की माणूस अर्धा पास झाला. कवडूला ते अक्षर डॉक्टरांपेक्षा लवकर लागायचं. त्याचं शिक्षण मराठी सातवीपर्यंत, पण औंस, ड्रॅम, ग्रेन ही मापं त्याच्या बोटांत बसली होती. रोगी घरून शिशी आणायचा, बहुतेक वेळा गोड्या तेलाची, वास तसाच. डॉक्टर चिठ्ठी लिहायचे. कवडू तोलून, मोजून, कुटून औषध शिशीत घालायचा. कागदाच्या पट्टीला कात्रीनं खाचा पाडून ती शिशीला डिंकानं चिकटवायचा, म्हणजे एका खाचेचा एक डोस. मग तो शिशी खिडकीच्या चौकटीवर ठेवून मागं सरायचा.

खिडकीच्या पलीकडं ओसरीवर तानाबाई तांब्याची घागर घेऊन बसलेली असायची. जातीची कुणबीण, विधवा, तोंडाची फटकळ. शिशीत पाणी घालायचं काम तिचं. वरच्या खाचेपर्यंत पाणी भरायचं, बूच लावायचं, हलवायचं आणि रोग्याच्या हातात द्यायचं.

कारण कवडू महार. महाराच्या हातचं औषध सिंदीला चालत होतं, पाणी चालत नव्हतं. औषधाला विटाळ नाही, असं जुनी माणसं सांगत. आता शिशीत औषध ते किती? तळाला दोन बोटं. बाकी वरपर्यंत पाणीच. पण दोन बोटं औषधानं जो धर्म बुडत नव्हता तो वरच्या पाण्यानं बुडेल, असं ठरलेलं होतं. हे कोणी ठरवलं ते कोणालाच ठाऊक नव्हतं, त्यामुळं बदलायचं झालं तर सांगावं कोणाला, हेही कळत नव्हतं.

डॉक्टर खादी घालायचे. कवडूच्या हातचं पाणी ते स्वतः पीत, आतल्या खोलीत, दार लोटून. म्हणत, "रुख्माबाई, मला स्वतःला काही वाटत नाही हो. पण रोगी बिचकतात." रोग्यांना विचारलं तर ते म्हणत, "आमाले काई नाई. पन डॉक्टरसाहेबाईच्या दवाखान्याची रीत हाय, आपन काऊन मोडाव?" अशी दोन्हीकडून कोणाचीच हरकत नसताना ती रीत चालू होती. तानाबाई तेवढी सरळ. ती म्हणायची, "मले वाटते. मी नाई पेत त्याच्या हातचं. संपलं."

मग स्वराज्य आलं आणि त्याच्या मागून औषधाचा नवा कायदा आला. यापुढं औषधं बनवणाऱ्याचं नाव सरकारी रजिस्टरात लागेल. नव्या पोरांनी मॅट्रिक होऊन दोन वर्षांचं शिक्षण घ्यायचं, परीक्षा द्यायची. पण जे आधीपासून हे काम करतात त्यांची नावं, पाच वर्षांचा अनुभव डॉक्टरांनी लिहून दिला तर, परीक्षेवाचून घेऊन टाकायची. कवडूची पाच वर्षं केव्हाच भरली होती. डॉक्टरांनी आनंदानं दाखला लिहिला. ते कधीच खोटं बोलत नसत. मरणाऱ्यालासुद्धा 'बरा होशील' म्हणायचे नाहीत. त्यांनी लिहिलं, कवडू ताकसांडे हा माझ्या दवाखान्यात सर्व मिश्रणं तयार करतो, पाण्याखेरीज.

तो दाखला घेऊन कवडू नागपूरला एका कचेरीत गेला. ती हकीकत मी पूर्वी ऐकली होती, पण त्या दिवशी चालता चालता त्यानं पुन्हा सांगितली. रस्ता लांब होता आणि आम्हाला घाई करून काही उपयोग नव्हता.

"साहेब दाखला वाचते, माह्याकडं पायते, पुन्हा वाचते. म्हने, 'पाण्याखेरीज म्हणजे काय?' म्या सांगतलं, पानी तानाबाई टाकते. म्हने, 'शिशी पुरी आठ औंसांची कोण करतो?' म्हटलं, तानाबाई. म्हने, 'मग मिश्रण तयार कोणी केलं?'"

"मंग तू काय म्हटलं?"

"काय म्हनू? हिशेबानं पाह्यलं तं तानाबाईनंच केलतं. साहेब भला मानूस होता. त्यानं इचारलं, 'या बाईंना लिहिता-वाचता येतं का?' येत असतं, तं बाई, तानाबाई आज रजिस्टरात असती."

त्याचं नाव लागलं नाही. डॉक्टरांना फार वाईट वाटलं. "पण मी खोटं कसं लिहिणार?" असं ते आम्हा सगळ्यांना विचारत राहिले. त्यांना खोटं लिहायला कोणीच सांगत नव्हतं. एक दिवस खिडकी बंद करून कवडूच्या हातात घागर दिली असती तर दाखला आपोआप खरा झाला असता. पण ते त्यांच्या ध्यानात आलं नाही, आणि आमच्यापैकी कोणी बोललं नाही.

तानाबाईच्या ध्यानात मात्र सगळं आलं. नागपूरच्या साहेबानं आपली चौकशी केली हे कळल्यावर ती ओसरीवर जरा ताठ बसू लागली. रोग्याच्या हाती शिशी देताना म्हणायची, "हलवून घेजो. कवडू टाकते ते तं गावोगाव भेटते, गुन येते तो माह्या हातच्या पान्यानं." कवडूला म्हणाली, "मले बलावलं नागपूरले, तं तुले संगं नेईन रे, पिशवी धराले."

"नेजो मावशी," कवडू म्हणाला. हसला नाही, चिडलाही नाही. दुसऱ्या दिवशी तो माझ्याकडं आला आणि म्हणाला, "बाई, मॅट्रिकले बसतो."

बायकोपोरांचा माणूस, मिशीत एखादा पांढरा केस, आणि बसणार मॅट्रिकला. दवाखाना सुटला की तो आमच्या ओट्याखाली पायरीवर बसायचा आणि मी पुस्तक धरायची. माझं शिक्षण मराठीतलं. इंग्रजी अक्षरं मला वाचता यायची, अर्थ कळायचा नाही. त्याला अर्थ कळायचा, म्हणता यायचं नाही. दोघं मिळून एक विद्यार्थी पुरा होत होता. आमचे शेजारी म्हणत, कवडू शिकून राह्यला की रुख्माबाई? पहिल्या वर्षी तो इंग्रजीत नापास झाला. दुसऱ्या वर्षी पास झाला. मी देवापुढं साखर ठेवली आणि तीच त्याच्या हातावर ठेवली. वरून, अंतरावरून. तेव्हा ते मला खटकलं नाही, हातानं आपोआप केलं.

मग तो नागपूरला गेला, शिक्षणासाठी. त्याच्या वर्गातली पोरं मिसरूड फुटलेली, हा त्यांचा काका. काचेची मापं, चकचकीत तराजू, भिंतीतून येणारं नळाचं पाणी. पहिल्याच महिन्यात त्यांच्या मास्तरांनी सगळ्यांना मिश्रण करायला लावलं. कवडूला ते डोळे मिटून येत होतं. पोरं अजून चिठ्ठी वाचत होती तोवर त्याचं तोलून झालं, कुटून झालं, शिशीत घालून झालं, पट्टी कापून चिकटवून झाली. त्यानं शिशी टेबलाच्या कडेला ठेवली आणि तो मागं सरून उभा राहिला.

"उभाच राह्यलो," तो म्हणाला. "सगळ्याईचं झालं. मास्तर आले. शिशी उचलून पाह्यली. म्हने, 'प्रमाण बरोबर, पट्टी झकास. पाणी कुठं आहे?' मी इकडं तिकडं पाह्यलं. बाई, खरं सांगतो, मी तानाबाईले पाहून राह्यलतो."

मी हसले. मग हसणं थांबलं.

"मास्तरले काय सांगतलं मंग?"

"काय सांगाव? इसरलो म्हटलं. त्याईनं शून्य देल्लं. पोट्टे हसले. म्हने, काका पान्याची बचत करते. पुढच्या खेपेले टाकलं पानी. पन मान वळे. मांगं पाहो, कोनी पायते का म्हनून. नळ आपल्याच हातानं सोडाचा अन् आपल्याच हातानं शिशी भराची, हे शिकाले जे दिवस लागले नं, तेवढे सारा कोर्स शिकाले नाई लागले."

असं म्हणून तो रुळावरचा एक खडा पायानं बाजूला सारत चालत राहिला.

छप्पनच्या दसऱ्याला तो नागपुरातच होता. त्यानं दीक्षा घेतली. सिंदीला आल्यावर देवळापुढून जाताना हात जोडणं त्यानं सोडलं. मी माळकरी बाई, मला आधी ते टोचलं. मग वाटलं, ज्या देवळाची पायरी त्याला कधी चढू दिली नाही त्या देवळातल्या देवानं तरी त्याच्या नमस्काराची वाट कशाला पाहावी. देवानं कोणाच्या हातचं पाणी नाकारलं असं मी कीर्तनात कधी ऐकलं नाही. उलटंच ऐकलं. ऐकून आम्ही सगळे माना डोलवत घरी जात होतो आणि आपापल्या माठातलं पाणी पीत होतो. कायद्यानं तर अस्पृश्यता आधीच उठवली होती. त्यामुळं आता गावात ती कोणी मानत नव्हतं, फक्त पाळत होतं.

परीक्षा पास झाल्यावरही त्याची फेरी संपली नाही. त्याचे कागद नागपूरला पोहोचले आणि आमचा मुलूख मुंबई राज्यात गेला. नागपूर म्हणालं, आता मुंबईला विचारा. मुंबईहून उलट विचारणा आली, सिंदी कुठं आहे? या विचारपुशीत दोन पावसाळे गेले. तोवर डॉक्टर थकून मुलाकडं राहायला गेले आणि दवाखान्याला कुलूप लागलं. तानाबाई घागर घेऊन घरी गेली. अखेर सर्टिफिकेट आलं, आणि त्याच्या वासानं मोतीलाल सेठ आला.

सेठची गोष्ट निघाली तेव्हा मला फार तहान लागली होती. एकादशी होती, सकाळपासून पोटात शेंगदाण्यांशिवाय काही नव्हतं, आणि माझा तांब्या सेलू रोडलाच रिकामा झाला होता. कवडूच्या ते ध्यानात आलं. त्यानं फ्रेम मला धरायला दिली, छत्रीसकट, आणि पिशवीतून एक शिशी काढली. औषधाचीच जुनी शिशी, काठोकाठ पाण्यानं भरलेली. खाचांची पट्टी अजून तिला चिकटलेली होती.

शिशी हातात धरून तो थांबला. पुढं केली नाही. "पान्याची हाय," एवढंच म्हणाला.

मी हात पुढं केला. शिशी उंच धरून तोंडात धार सोडली. पाणी कोमट होतं आणि त्याला ओव्याच्या अर्काचा वास होता.

"किती डोस पेल्या?" त्यानं पट्टी पाहून विचारलं.

"दोन."

"तिसरा घ्या. ऊन हाय."

मी तिसराही घेतला. रुळावर त्या वेळी आमच्याशिवाय कोणी नव्हतं. आमच्या पुढं निघालेले लोक केव्हाच दिसेनासे झाले होते.

मग त्यानं मोतीलालचं सांगितलं. बाजाराच्या रस्त्यावर सेठनं औषधाचं दुकान काढलं होतं. माल भरला होता, पाटी रंगवली होती, आणि कायद्यानं रजिस्टरातला माणूस लागतो म्हणून तो स्वतः कवडूच्या वस्तीत आला. घराबाहेर उभा राहून म्हणाला, "कवडूजी, आप घर पे आराम करो. दुकान में सर्टिफिकेट काम करेगा."

"तू काय म्हटलं?"

"म्हटलं, सेठ, फ्रेम एकली राहत नाई. तिले माह्याबिगर करमत नाई."

सेठला हसू आलं. व्यवहारी माणूस. कवडूनं बसायला त्याची ना नव्हती, कोणाचीच कधी नसते. पण बाजाराच्या रस्त्यावर प्रत्येक दुकानाच्या दाराशी पाण्याचा माठ असतो. खेड्यातून उन्हाचं आलेलं गिऱ्हाईक आधी पाणी मागतं, मग सौदा. माठ नसेल तर दुकानदार कंजूष म्हणून नाव पडतं. आणि औषधाच्या दुकानात तर गोळी तिथंच गिळतात. मग माठावर कोण?

"म्हने, 'मैंने तानाबाई से बात कर ली है.'"

"पुन्हा तानाबाई?"

"पुन्हा तानाबाई. घागर घासूनपुसून तयार हाय तिची. मी सेठले म्हटलं, एक दिवस द्या. पयल्या दिवशी माठावर मीच राहीन. सेठ म्हने, 'ठीक है. बाजार का दिन देखते हैं. लोगों ने पिया, तो आप बैठो. नहीं पिया, तो पानी पर तानाबाई, गल्ले पर मेरा भतीजा, और आप...' अन् भिंतीकडं पाह्यलं."

"भिंतीकडं काऊन?"

"तिथं खिळा ठोकलेला हाय."

सिंदीच्या कापसाच्या जिनाचं धुराडं दिसू लागलं होतं. फाटकाजवळ माणसं होती. गाडीतून उतरून आमच्या आधी पोहोचलेले दोघंतिघं झाडाखाली टेकले होते आणि आमच्याकडं पाहत होते. माझ्या हातात अजून ती शिशी होती. मी ती कवडूला परत दिली. लगेच दिली, त्यानं ते पाहिलं. त्यानं शिशी पिशवीत घातली, फ्रेम काखेत घेतली आणि चालणं थांबवलं.

"बाई, एक मागतो."

"माग."

"उद्या दुकानात येजा. बाजार भरला म्हंजे."

"येईन नं. मले तसंही डोक्याच्या गोळ्या पायजेत."

"गोळ्या परवा न्या," तो म्हणाला. "गोळी घ्याल तं पानी गोळीच्या खात्यात जाते. इथं रस्त्यावर तुम्ही पेल्या, ते कोनी पाह्यलं नाई, अन् पट्टीच्या शिशीतून पेल्या, ते औषधच झालं. उद्या काई दुखते म्हनू नका. सेठ असंल, तानाबाई समोरच्या ओट्यावर बसली असंल, सारा बाजार असंल. तुम्ही दुकानापुढं उभ्या राहा, अन् जरा मोठ्यानं म्हनजा, कवडू, तहान लागली, पानी दे."